सोडा माझ्यात घालायचा नसतो

मला जुना म्हणा, पोचा आलेला म्हणा, काळवंडलेला म्हणा, मी ऐकून घेईन. पण भिकार म्हणू नका. तो शब्द मला माझ्याच घरात, पाहुण्यांनी भरलेल्या गच्चीत, माझ्याच मालकाने लावला, आणि कशासाठी, तर स्वतःची फजिती झाकण्यासाठी. मला तळपाय नाहीत, नुसता तळ आहे. पण त्या तळाची आग जी झाकणाला गेली ती अजून उतरलेली नाही. म्हणून आज मी बोलणार आहे, आणि मित्रांनो, तुम्ही ऐकून घेणार आहात.

मी एक शेकर आहे. स्टीलचा, तीन तुकड्यांचा. खाली उंच पेला, त्यावर भोकं असलेलं टोपण आणि त्या टोपणावर अंगठ्याएवढं झाकण. माझ्यात बर्फ आणि पेयाचे जिन्नस घालतात, झाकण लावतात, दोन्ही हातांनी धरून जोरात हलवतात आणि भोकांमधून ग्लासात गाळतात. एवढंच माझं काम. तुमच्यातले जे लहान असतील त्यांना आधीच सांगतो, की या गोष्टीत जिन येते. ती मोठ्या माणसांची चीज आहे. तुम्ही तिच्या जागी फुलांचं निळं पाणी समजा. या घरातल्या मुलीला ती मोठी होईपर्यंत तेच मिळत असे आणि तिचं काही बिघडलं नाही.

माझा जन्म एका पत्र्यातून झाला. कारखान्यात स्टीलच्या पत्र्यातून ताटलीएवढी चकती कापली, यंत्राखाली ठेवली आणि वरून असा दणका बसला, की मी चपट्याचा खोलगट झालो. असे बरेच दणके खावे लागले. शेवटी एका मिशाळ कामगाराने मला फिरत्या चाकावर धरून इतकं घासलं, की माझ्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसू लागला. त्याने आधी मिशी नीट केली आणि मग मला खोक्यात घातलं. मला तेव्हा वाटलं, आपल्याकडे पाहून माणसं नीटनेटकी होतात, म्हणजे आपलं आयुष्य चांगलं जाणार.

कसलं चांगलं! एका विमा कंपनीच्या कचेरीतल्या लोकांनी आपल्या सहकाऱ्याच्या लग्नात मला भेट म्हणून दिलं. नवरदेवाने मला खोक्यातून काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि जाहीर केलं, "फुलदाणी दिसतेय."

"फुलदाणीला झाकण कशाला?" नव्या नवरीने विचारलं.

"फुलं उडू नयेत म्हणून असेल."

हा तोच माणूस, मित्रांनो, ज्याला पुढे अख्खी इमारत उस्ताद म्हणू लागली. कशातला उस्ताद, तर माझ्यातला! तेव्हा मात्र त्याने माझ्या पेल्यात झारे आणि उलथणी उभी केली. भोकांचं टोपण पिठीसाखर भुरभुरायला गेलं आणि छोटं झाकण चहापूड मोजायला. माझे तीन तुकडे तीन ठिकाणी, आणि एकमेकांची ख्यालीखुशाली कळण्याची सोय नाही. पेल्यात उलथण्याचं टोक रुतलेलं असायचं. अशी कित्येक वर्षं गेली.

मला पुन्हा एकत्र आणलं ते वहिनींनी. वहिनी म्हणजे तीच नवरी. इमारतीतले सगळे त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. घराच्या मागच्या रस्त्यावर त्यांची कापड रंगवण्याची कार्यशाळा आहे. तिथे फुलांपासून, सालींपासून, मुळांपासून रंग काढतात. एका उन्हाळ्यात त्यांनी गोकर्णाच्या निळ्या फुलांचं पाणी काढलं, आणि शेजारी कुणीतरी लिंबू चिरत होतं त्याचा थेंब त्यात उडाला. निळ्याचं जांभळं झालं. कार्यशाळेतल्या बायका म्हणाल्या, रंग बिघडला. वहिनी ते भांडं घेऊन घरी आल्या आणि ओट्यापाशी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

तेव्हा घरात जिनची एक बाटली होती. उस्ताद संध्याकाळी ती नुसत्या सोड्यात घालून प्यायचे आणि औषध घेतल्यासारखं तोंड करायचे. वहिनींनी त्यातली अर्धी जिन दुसऱ्या बाटलीत काढली आणि तिच्यात वाळवलेली गोकर्णाची फुलं टाकली. दुपारपर्यंत ती अशी निळी झाली, की उस्तादांनी घाबरून विचारलं, "हे खिडक्या पुसायचं आहे का?" वहिनी हसल्या नाहीत. त्या कपाटं धुंडाळत होत्या. झाऱ्यांमधून त्यांनी मला सोडवलं, साखरेच्या डब्यातून टोपण आणलं, चहाच्या डब्यातून झाकण आणलं, तिन्ही धुऊन एकमेकांवर बसवून पाहिली, आणि ती चपखल बसली. मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. मला रडता येत नाही, पण बर्फ घातल्यावर बाहेरून जे पाणी सुटतं, ते त्या दिवशी जरा जास्तच सुटलं.

सगळा उन्हाळा वहिनी माझ्याशी झगडत होत्या. खालचा लाल थर कशाचा करावा? चेरीचा केला तर खोकल्याच्या औषधाचा वास येई. बिटाचा केला तर मातीचा. शेवटी डाळिंबाचा रस साखरेबरोबर आटवून दाट केला, तो ग्लासाच्या तळाशी मुकाट बसून राहिला. मग बर्फ. मग माझी पाळी. साधी जिन, लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि बर्फ माझ्यात घालून मला हलवायचं, मी गारठून पांढुरका झालो की थांबायचं आणि ते ग्लासात अलगद गाळायचं. त्यावर थोडा सोडा, वरून, ग्लासातच. आणि सगळ्यात शेवटी लांब चमच्याच्या पाठीवरून निळी जिन सोडायची, इतकी हळू, की ती वरच तरंगत राहील. खाली लाल, मध्ये फिकट, वर निळं, आणि जिथे निळं लिंबाला भेटतं तिथे जांभळी रेघ. ती रेघ पहिल्यांदा जमली तेव्हा वहिनी ग्लास खिडकीपाशी घेऊन गेल्या आणि एकट्याच म्हणाल्या, "हं. आता आलं."

दोन गोष्टी त्यांनी चुकून चुकून शिकून घेतल्या होत्या. निळं आणि लिंबू माझ्यात एकत्र आणायचं नाही, नाहीतर सगळा रंग तिथेच संपतो. आणि सोडा माझ्यात कधीच घालायचा नाही. का ते पुढे येतंच आहे.

आता माझ्या संतापाचं मूळ सांगतो. पहिल्यांदा पाहुणे आले ते उस्तादांच्या कचेरीतले, शेजारचे दातांचे डॉक्टर आणि उस्तादांची थोरली बहीण. या बहिणीला सगळे ताई म्हणतात आणि सगळे घाबरतात. वहिनींनी ग्लास तयार केले आणि त्यांचा पाय स्वयंपाकघरातून निघेना. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आजच्यापुरतं तुम्ही केलं म्हणून सांगा. ताई म्हणतील, ही दारूची भांडी घेऊन बसते घरात."

एका संध्याकाळपुरतं म्हणाल्या हो! एका संध्याकाळपुरतं!

उस्ताद ट्रे घेऊन गच्चीत गेले. एकदम गलका झाला. डॉक्टर म्हणाले, "अरे, तू तर उस्ताद निघालास!" ताईंनी दुसरा ग्लास घेतला आणि तिसराही मागितला. आणि उस्तादांनी काय करावं? त्यांनी मान तिरकी करून म्हटलं, "जमतं आपलं थोडंफार."

त्या दिवसापासून दर उन्हाळ्यात हेच. पाहुणे आले की उस्ताद बाह्या सरसावून स्वयंपाकघरात शिरणार आणि दार लावून घेणार. "कारागिराला एकांत लागतो," असं बाहेर सांगणार आणि आत येऊन काकडीच्या चकत्या खात उभे राहणार. वहिनी लिंबं पिळणार, पाक मोजणार, माझ्यात सगळं भरून झाकण घट्ट बसवणार. मग उस्ताद मला उचलून दारात जाणार आणि पाहुण्यांना दिसेल अशा बेताने खांद्यावर, डोक्यावर, पाठीमागे असं मला हलवणार. काय तो आवेश! जणू मी शेकर नसून खुळखुळा आहे आणि पाहुणे तान्ही बाळं आहेत. पाहुणे टाळ्या वाजवत. मग मी पुन्हा वहिनींच्या हातात, आणि उरलेलं सगळं काम त्या करत.

म्हणजे बघा, त्या माणसाने मला हजारदा हातात घेतलं असेल, पण पेय भरताना माझ्यात डोकावून कधीच पाहिलं नाही. मी त्याला नेहमी झाकण लावलेलाच मिळालो. माझ्या पोटात काय असतं, याची त्याने कधी चौकशीसुद्धा केली नाही. त्याची समजूत अशी झाली, की जे काही आहे ते हलवण्यातच आहे.

आणि वहिनी? वहिनी मूग गिळून बसल्या. सुरुवातीला त्यांना गंमत वाटे. पाहुण्यांची वाहवा भिंतीआडून ऐकताना त्या माझ्याकडे पाहून हसत. पुढे हसणं कमी झालं. एकदा डॉक्टर त्यांना म्हणाले, "वहिनी, तुम्ही नशीबवान. घरात असा कलाकार!" त्या वेळी त्या मला पुसत होत्या. त्यांनी फडकं इतकं दाबलं, की मला वाटलं आता आणखी एक पोचा येणार.

मग या वर्षी ती हॉटेलवाली आली. डॉक्टरांच्या ओळखीची. तिने नदीकाठी बागेतलं एक छोटं हॉटेल नव्याने घेतलं होतं आणि उन्हाळ्याच्या मेनूकार्डावर घालायला तिला काहीतरी वेगळं पेय हवं होतं. डॉक्टरांनी उस्तादांचं गुणगान केलं. ठरलं असं, की रविवारी संध्याकाळी तिने घरी यायचं, पेय डोळ्यांसमोर करताना पाहायचं, आणि आवडलं तर ते पेय "उस्ताद" या नावाने तिच्या कार्डावर जायचं. छापील. हॉटेलात येणारा प्रत्येक माणूस ते नाव घेऊन ते पेय मागवणार. म्हणजे इतके दिवस जी चोरी चार भिंतींत होती, ती आता गावभर होणार. मला दुसरा शब्द सुचत नाही, मी चोरीच म्हणणार.

शनिवारी वहिनींनी विषय काढला. मी ओट्यावर पालथा वाळत होतो, सगळं ऐकलं.

"अहो, उद्या तिला सांगा ना, की हे मी करते."

उस्ताद मोबाइलमध्ये बघत होते. "आता कसं सांगू? सगळ्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"की मी करतो."

"पण तुम्ही करत नाही."

"अगं, तुझं-माझं काय वेगळं आहे का?"

"नाही ना? मग माझं म्हणून सांगा."

उस्ताद डोकं खाजवत म्हणाले, "लोक मला हसतील गं. आणि शेवटी हलवतो तर मीच ना? खरी मेहनत तीच आहे."

खरी मेहनत! मी ओट्यावरून गडगडत जाऊन त्यांच्या पायावर पडलो असतो, पण मी पालथा होतो.

वहिनी म्हणाल्या, "बरं. उद्या तुम्हीच करा."

उस्तादांना वाटलं, मिटलं. पण तो आवाज मी ओळखत होतो. कार्यशाळेतून कापड बिघडल्याचा फोन आला की त्या त्याच आवाजात सांगत, "बरं, ते कापड आता बाजूला ठेवा."

रविवारी वहिनींनी काहीही लपवलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. कुणी म्हणेल त्यांनी दगा दिला, तर तो खोटं बोलतो. गच्चीतल्या टेबलावर त्यांनी सगळं स्वतः मांडलं: साधी जिन, निळी जिन, लिंबाचा रस, पाक, डाळिंबाचा दाट रस, सोडा, बर्फ, लांब चमचा आणि मधोमध मी. उस्तादांनी एकदा विचारलं असतं, आधी काय घालू, तर त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं. त्या वाटच बघत होत्या. पण उस्ताद नवा एप्रन बांधण्यात आणि केस बसवण्यात गुंतले होते. मग वहिनी जाऊन पाहुण्यांमध्ये बसल्या, वेताच्या खुर्चीत, आरामात पाय लांब करून.

"वहिनी, आज तुम्ही बाहेर?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी पांढराशुभ्र शर्ट घातला होता.

"कारागिराला एकांत लागतो," वहिनी म्हणाल्या.

उस्तादांनी टेबलाकडे पाहिलं. बाटल्यांकडे पाहिलं. मला उचललं. त्यांनी मला उघडलं. माझ्या रिकाम्या पोटात त्यांनी अशा नजरेने पाहिलं, जणू आतून कुणीतरी काहीतरी सांगेल. मी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्यांनी सगळंच घातलं. साधी जिन, निळी जिन, लिंबू, पाक, डाळिंब, बर्फ. माझ्या पोटात निळ्याची आणि लिंबाची गाठ पडली आणि सगळे रंग एका घोटात मेले. मी मनात ओरडत होतो, थांबा, थांबा! आणि त्यावर त्यांनी सोड्याची बाटली उपडी केली. काठोकाठ. झाकण दाबून बसवलं आणि हॉटेलवालीकडे बघून ते हसले. "आता बघा हं."

मित्रांनो, सोडा म्हणजे पाण्यात कोंडलेला वायू. तो हलवला की बाहेर यायला बघतो, आणि बंद भांड्यात त्याला जागा नसते. उस्तादांनी मला खांद्यावर हलवलं, डोक्यावर हलवलं, पाठीमागे नेलं. माझ्या पोटात काय कालवाकालव झाली ती माझी मला ठाऊक. मी धरून ठेवलं, खरंच धरून ठेवलं. पण चौथ्या की पाचव्या हिसक्याला माझं छोटं झाकण सुटलं आणि बंदुकीच्या गोळीसारखं उडालं. मागोमाग फवारा. तो डॉक्टरांच्या शर्टावर, ताईंच्या चष्म्यावर, हॉटेलवालीच्या चपलांवर, सगळीकडे. आणि रंग कसला, तर रंगीत कपड्यांबरोबर धुतलेल्या पांढऱ्या मोज्यासारखा. उस्ताद दचकले आणि त्यांनी मला सोडून दिलं. मी फरशीवर आपटलो. हा पोचा त्या वेळचा.

ताई चष्मा काढून पदराने पुसू लागल्या. आणि मग उस्तादांनी खाली माझ्याकडे बोट दाखवलं.

"भिकार भांडं आहे हो. लग्नातलं. झाकण ढिलं झालंय कधीचं."

माझ्या डोक्यावर खापर! माझं झाकण ढिलं? जे वहिनींच्या हातून कधी थेंबभरसुद्धा गळलं नाही, ते ढिलं? आणि सगळ्यांनी ते मानलं, बरं का! एकानेही विचारलं नाही, की आत काय घातलं होतं. डॉक्टर शर्ट झटकत हसायला लागले. ताई म्हणाल्या, "दे टाकून भंगारात. इतकी वर्षं कशाला जपून ठेवायचं?" आणि हॉटेलवाली तर भलतीच समजूतदार निघाली. ती म्हणाली, "काही हरकत नाही, असं होतं. माझ्याकडे नवे शेकर आहेत. तुम्ही या आठवड्यात बागेत या, तिथे करून दाखवा. डॉक्टरांनी इतकं सांगितलंय, मी नाव धरूनच ठेवलंय कार्डावर."

झालं! माणूस सुटला. भांडं फुकट गेलं, माणूस सुटला, आणि वर त्याचं नाव कार्डावर. मी फरशीवर त्या मळकट पाण्यात पडून वहिनींकडे पाहत होतो. त्या आता बसून राहिल्या असत्या, तर पुन्हा कधी उठल्या नसत्या.

त्या उठल्या.

"डॉक्टर, जरा पाय उचला," त्या म्हणाल्या. माझं छोटं झाकण डॉक्टरांच्या खुर्चीखाली गेलं होतं. ते त्यांनी काढलं. मला उचललं, पोच्यावरून बोट फिरवलं, नळाखाली धुतलं, पुसलं. झाकण बसवून कानाशी हलवून पाहिलं.

"भांड्याला काही झालेलं नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, "तुम्ही लिंबं चिरा."

उस्तादांनी सुरी घेतली. दुसरं काय करणार होते?

वहिनींनी स्वच्छ ग्लास ओळीने मांडले. तळाला डाळिंबाचा रस सोडला, त्यावर बर्फ. मग माझ्यात जिन, लिंबू, पाक, बर्फ. झाकण. त्यांनी मला डोक्यावर नेलं नाही, पाठीमागे नेलं नाही. छातीपाशी धरलं आणि हलवलं, नीट, एका लयीत, मी गारठून पांढुरका होईपर्यंत. गाळलं. वरून सोडा, ग्लासात. मग चमचा पालथा धरून त्याच्या पाठीवरून निळी जिन. निळं वर तरंगलं, लाल तळाशी राहिलं आणि मध्ये ती जांभळी रेघ सावकाश उमटली.

ताईंनी घोट घेतला. "हीच चव," त्या म्हणाल्या आणि भावाकडे पाहिलं.

आता तरी कळायला हवं होतं की नाही? डोळ्यांदेखत सगळं झालं होतं. पण डॉक्टरांनी ग्लास उंच धरला आणि ते आनंदाने ओरडले, "वा, उस्ताद! काय तयार केलंस वहिनींना!"

मित्रांनो, मी स्टीलचा आहे म्हणून फुटलो नाही.

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या. खरं सांगायला त्यांना पुरेसा वेळ दिला. उस्तादांच्या एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात सुरी. "नाही, म्हणजे... तसं..." असं काहीतरी ते पुटपुटले आणि मान खाली घालून पुन्हा लिंबू चिरू लागले.

तेव्हा वहिनी म्हणाल्या, "यांनी मला काही शिकवलेलं नाही. हे पेय माझं आहे. पहिल्या दिवसापासून मीच करते. हे नुसतं हलवतात."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा तेही थांबले.

"खरं का रे?" ताईंनी विचारलं.

उस्ताद लिंबाकडेच बघत होते. "हो," ते म्हणाले.

एवढंच. हो. त्या एका अक्षराला इतके उन्हाळे लागले.

"आणि इतकी वर्षं मग बोलली का नाहीस?" ताई वहिनींवरच घसरल्या.

"तुम्ही काय म्हणाल, म्हणून."

"मी? तीन-तीन ग्लास पिऊन मी काय म्हणणार होते, कपाळ?" ताई म्हणाल्या. मग भावाला, "आणि तू पातळ चीर. त्या काय फोडी आहेत?"

हॉटेलवालीने मोबाइल काढला होता. तिने आधीचं नाव खोडलं आणि थोडी घुटमळली. "मग आता काय लिहू? उस्तादांच्या मिसेस...?"

"नाही," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं. पूर्ण, सावकाश, एकेक अक्षर नीट लिहून घेता येईल असं. मी या घरात त्यांच्या लग्नापासून आहे, मित्रांनो, आणि ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. अगं, वहिनी, आई, बाई, सूनबाई, सगळं ऐकलं होतं. नाव नव्हतं ऐकलं. डॉक्टरांनीही ऐकलं नसावं, कारण त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

कार्ड छापून आलं. त्यावर ते नाव आहे. तुम्हाला वाटेल, मग आता कशाला संतापायचं? सांगतो. इमारतीतले लोक अजूनही उस्तादांना उस्तादच म्हणतात, सवयीने. आणि परवा उस्ताद जिन्यात कुणाला तरी सांगत होते, "तिला पुढे आणलं ते मीच." माझी क्षमा तर त्यांनी मागितलेलीच नाही. हां, पाहुणे आले की लिंबं मात्र आता तेच चिरतात, आणि पातळ चिरतात.

माझ्यासारखी भांडी तुमच्याकडेही असतील. त्यांना वापरून झाल्यावर लगेच धुवा, तुकडे वेगवेगळे वाळवा, झाकण अडकलं तर सुरीच्या मुठीने ठोकू नका, कोमट पाण्याखाली धरा. आणि घरात कुणी रंगीत, सुंदर, चवदार असं काही तुमच्यापुढे आणून ठेवलं, तर जो ट्रे घेऊन येतो त्याच्यासाठी टाळ्या वाजवून थांबू नका. उठा, दार ढकला, आत जाऊन बघा कुणाचे हात ओले आहेत, आणि त्यांचं नाव विचारा. आणि कधी काही फुटलं, सांडलं, बिघडलं आणि कुणी तुम्हाला सांगितलं की भांडंच भिकार आहे, तर लगेच मान डोलवू नका. आधी विचारा, आत काय घातलं होतं, आणि कुणी.